वनस्पतींच्या लॅटिन नावांचे अर्थ कसे ओळखायचे? ती लक्षात कशी ठेवायची?

तुमचे खरं तर दोन प्रश्न आहेत. सेज, रोझमेरी, लॅव्हेंडर, कॅलेंड्युला या नावांमागचे जे लॅटिन अर्थ सांगितले जातात ते खरे आहेत का, आणि शास्त्रीय नावं घोकंपट्टी न करता कशी लक्षात राहतील? मी दुसऱ्यापासून सुरुवात करते, कारण त्यातच पहिल्याचं निम्मं उत्तर येऊन जातं.

शास्त्रीय नावात दोन शब्द असतात. पहिला प्रजातीचा (जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत जीनस), दुसरा जातीचा (स्पीशीज). ही दोन शब्दांची पद्धत स्वीडिश वनस्पतीशास्त्रज्ञ लिनियस यांनी १७५३ साली सगळ्या वनस्पतींना सरसकट लावली. नवीन शिकणारे बहुतेक जण पहिल्या शब्दाशी झटत बसतात. माझं म्हणणं आहे की आधी दुसरा शब्द शिका. पहिले शब्द हजारो आहेत. दुसऱ्या जागी मात्र तेच तेच शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. त्यातले वीस-पंचवीस कळले की अनोळखी पाटीही निम्मी वाचता येते.

त्यात सगळ्यात मोलाचा शब्द 'ऑफिसिनॅलिस'. लॅटिनमध्ये 'ऑफिसिना' म्हणजे कामाची जागा, कार्यशाळा. मध्ययुगात ख्रिस्ती मठांमध्ये औषधं आणि सुकवलेला पाला जिथे ठेवत त्या कोठारालाही हाच शब्द वापरत, आणि पुढे औषधविक्रीच्या दुकानालाही. म्हणजे 'ऑफिसिनॅलिस' म्हणजे औषधांच्या कोठारातली वनस्पती. सॅल्व्हिया ऑफिसिनॅलिस, कॅलेंड्युला ऑफिसिनॅलिस, मेलिसा ऑफिसिनॅलिस अशी लांबलचक यादी आहे, आणि आलंही त्यात आहे: झिंजिबर ऑफिसिनाले. मात्र या शब्दावरून एवढंच कळतं की ती वनस्पती एके काळी औषध म्हणून ठेवली आणि विकली जायची. ती गुणकारी आहे किंवा निर्धोक आहे, असा त्याचा अर्थ काढू नका. हे मी मुद्दाम सांगते, कारण औषधी वनस्पतींवर लिहिणारे पुष्कळ जण या शब्दाला शिफारसपत्र समजतात.

आल्याच्या बाबतीत शेवट 'लिस'ऐवजी 'ले' का झाला, असं वाटलं असेल. लॅटिनमध्ये विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतं. मराठीत 'पांढरा, पांढरी, पांढरं' म्हणणाऱ्याला यात अवघड काही नाही. 'पेरलेला, लागवडीचा' या अर्थाचा शब्द बघा: केशर क्रोकस सटायव्हस, भात ओरायझा सटायव्हा, कोथिंबीर कोरिअँड्रम सटायव्हम. पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग, आणि शब्द एकच. (गंमत म्हणजे केशराला बी धरतच नाही. त्याचे कंद माणसानेच लावावे लागतात, आणि तरी नाव 'पेरलेलं'.) फसवतात ती झाडं. पिंपळाचं नाव फायकस रिलिजिओसा. 'फायकस' कानाला पुल्लिंगी वाटतं, मग विशेषण स्त्रीलिंगी कसं? जुन्या लॅटिनमध्ये बऱ्याचशा वृक्षांची नावं स्त्रीलिंगी मानत, ती रीत शास्त्रीय नावांनी जपली आहे.

आता तुमची चार नावं. सेज आणि सॅल्व्हिया हे एकाच शब्दाचे दोन अवतार. मूळ लॅटिन 'सॅल्व्हुस' म्हणजे धडधाकट, सुखरूप. फ्रेंचमधून येताना झिजून 'सेज' झालं. कॅलेंड्युला रोमन महिन्याच्या पहिल्या दिवसावरून, म्हणजे 'कॅलेंडी'वरून. ज्या शब्दावरून कॅलेंडर आलं तोच हा.

रोझमेरीचा गुलाबाशी संबंध नाही आणि मेरीशीही नाही. 'रोस' म्हणजे दव, 'मारिनुस' म्हणजे समुद्राचं. भूमध्य समुद्राच्या काठच्या खडकाळ उतारांवर वाढणाऱ्या झुडपाचं हे नाव; इंग्रजी कानांनी त्यात ओळखीचे शब्द ऐकले आणि उच्चार तसा वळला. २०१७ साली जनुकीय अभ्यासाच्या आधारे रोझमेरीला सॅल्व्हियाच्याच प्रजातीत घेतलं गेलं, त्यामुळे आताचं नाव सॅल्व्हिया रोसमारिनस. जुन्या पुस्तकात रोसमारिनस ऑफिसिनॅलिस दिसेल, वनस्पती तीच.

लॅव्हेंडरबद्दल मात्र सावध राहा. रोमन लोक स्नानाच्या पाण्यात ते घालत, म्हणून 'लावारे' म्हणजे धुणे यावरून नाव पडलं, ही गोष्ट सगळीकडे छापलेली सापडते. पण मध्ययुगीन लॅटिनमध्ये या नावाचं 'लिव्हेंदुला' असंही रूप आढळतं, आणि ते 'लिव्हेरे' म्हणजे निळसर असणे या क्रियापदाशी जुळतं. मला हे जास्त पटतं. फुलं निळसर आहेतच, आणि धुण्याशी जोडलेला अर्थ नंतर चिकटला असावा. छान जुळणारी गोष्ट ऐकली की आधी शब्दाची जुनी रूपं बघायची, ही सवय लावून घ्या.

उलट काही नावं इतकी उघड असतात की शंकेला जागाच नाही. जर्मन वैद्य लिओनहार्ट फुक्स यांनी १५४२च्या ग्रंथात एका फुलझाडाला 'डिजिटॅलिस' नाव दिलं. जर्मनमध्ये त्याला शिवणकामातल्या अंगुस्तानाचं नाव होतं, म्हणून त्यांनी बोट या अर्थाचा 'डिजिटुस' घेतला. फूल हातात घेतलं की पटतं: लांबट घंटेसारखं, आत ठिपके, आणि बोटाचं टोक त्यात नीट बसतं. बोटांवर मोजायचं म्हणून अंकाला 'डिजिट' म्हणतात आणि त्यावरून 'डिजिटल' आलं, तेही याच शब्दातून. हे झाड विषारी आहे, आणि १७८५ साली इंग्रज वैद्य विल्यम विदरिंग यांनी त्याच्या औषधी उपयोगावर लिहिल्यापासून हृदयविकाराच्या औषधांत त्याला मोठं स्थान मिळालं.

नॅस्टर्शियमची कथा जरा वळणाची आहे. रोमन लेखक प्लिनी यांनी म्हटलंय की हे नाव नाकाला होणाऱ्या यातनेवरून पडलं. त्यांच्यासमोर होती आळीवसारखी झणझणीत पाल्याची वनस्पती. आज वनस्पतीशास्त्रात नॅस्टर्शियम ही पाण्यात वाढणाऱ्या वॉटरक्रेसची प्रजाती आहे. बागेतलं नारिंगी फुलांचं नॅस्टर्शियम मात्र दक्षिण अमेरिकेतलं, त्याचं शास्त्रीय नाव ट्रोपिओलम. त्याचं पान चावलं की तोच झणका नाकात जातो, म्हणून लोकांनी त्याला जुनं नाव दिलं. लिनियसना त्याच्या गोल पानांत ढाली आणि फुलांत शिरस्त्राणं दिसली, म्हणून त्यांनी ढाली-शिरस्त्राणं टांगायच्या विजयस्तंभाच्या शब्दावरून नाव ठेवलं. एकाच झाडाची दोन नावं, एक जिभेवरून आणि एक डोळ्यांवरून.

मेथीचं ट्रायगोनेला फीनम-ग्रीकम म्हणजे 'ग्रीक गवत', कारण रोमन शेतकरी ती चाऱ्यासाठी पेरत. बडीशेपेचं फीनिक्युलम म्हणजे 'लहानसं गवत', शब्द तोच. लाजाळूचं मिमोसा पुडिका, 'पुडिका' म्हणजे लाजरी.

मात्र 'लॅटिन मूळ' हा शब्दप्रयोगच बऱ्याचदा अपुरा पडतो, कारण लॅटिन हा पुष्कळदा मधला मुक्काम असतो. झिंजिबर ग्रीकमधून आला, आणि ग्रीकात तो गेला प्राकृतातून; संस्कृत रूप 'शृंगवेर'. लॅटिन 'पिपेर' म्हणजे मिरी, त्याच्या मागे 'पिप्पली'. चिंचेचं टॅमरिंडस इंडिका अरबी 'तमर हिंदी'वरून, म्हणजे हिंदचं खजूर. त्यामुळे पूर्ण नावात हिंदुस्थान दोनदा येतो. जिऱ्याचं क्युमिनम ग्रीकमधून थेट जुन्या सेमिटिक भाषांपर्यंत (अरबी, हिब्रूच्या घराण्यातल्या) जातं. कोशात 'लॅटिन' एवढंच लिहिलेलं असलं तरी तिथे थांबू नका, आणखी एक पान उलटा.

शेवटी तुळशीबद्दल, कारण तिथे हमखास गोंधळ होतो. लिनियस यांनी १७५३ साली तिला ऑसिमम टेन्युइफ्लोरम म्हटलं, 'बारीक फुलांची'. पुढे १७६७ साली त्यांनीच ऑसिमम सँक्टम, 'पवित्र', हे नाव छापलं. नियमाप्रमाणे आधी प्रसिद्ध झालेलं नाव ग्राह्य धरतात, म्हणून आज टेन्युइफ्लोरम मान्य आहे. दोन पाट्यांवर ही दोन नावं दिसली तर वेगळ्या जाती समजू नका. ऑसिमम बॅसिलिकम मात्र खरोखर वेगळी आहे. ती सब्जाची तुळस, म्हणजेच बेसिल, आणि तिचं नाव ग्रीकमधल्या 'राजेशाही' या शब्दावरून आलंय.