जहाज सोडायचं, पण कशाच्या बदल्यात?

प्रश्न : वास्कोत माझा शिप चँडलरचा, म्हणजे जहाजांना सामान पुरवायचा धंदा आहे. एका परदेशी जहाजाला भाजीपाला, किराणा, पेंट वगैरे दिलं, बिल थकलं म्हणून मुंबई हायकोर्टातून जहाज अरेस्ट करवलं, म्हणजे कोर्टाच्या हुकमाने अडकवून ठेवलं. आता मालकाचे वकील म्हणतात बँक गॅरंटीला वेळ लागेल, कंपनीचं लेटर ऑफ अंडरटेकिंग (पैसे भरायची लेखी हमी) घ्या आणि जहाज सोडा. घेऊ का?

उत्तर : आधी त्या लेटरवर सही कोणाची ते बघा. मालकाच्याच कंपनीची असेल तर सरळ नाही म्हणा, कारण अशा बऱ्याच कंपन्यांकडे त्या एका जहाजाशिवाय काहीच नसतं, जहाज गेलं की मागे उरतो तो लेटरहेड. पी अँड आय क्लबचं, म्हणजे जहाजमालकांनी मिळून चालवलेल्या विमा संस्थेचं लेटर असेल तर गोष्ट वेगळी, मोठ्या क्लबच्या लेटरवर जगभर जहाजं सुटतात. पण क्लब कव्हर देतो ते मालाचं नुकसान, खलाशाला दुखापत, तेलगळती असल्या गोष्टींना, थकलेल्या किराणा बिलासाठी क्लब सहसा लेटर देतच नाही. म्हणजे तुमच्याकडे उरतं काय, तर कोर्टात रोख रक्कम किंवा बँक गॅरंटी.

आणि खरं सांगू का, चांगली गॅरंटी जहाजापेक्षा बरी. २०१७ च्या ॲडमिरल्टी (जहाजांवरच्या दाव्यांच्या) कायद्याप्रमाणे जहाज लिलावात गेलं तर आधी खलाशांचे पगार, सॅल्व्हेज (संकटातलं जहाज वाचवल्याचा मोबदला), पोर्टची देणी, मग बँकेचं गहाण, आणि त्यानंतर तुम्ही. गॅरंटी मात्र फक्त तुमच्या दाव्यापुरती असते, त्यात दुसरं कुणी वाटेकरी नाही. म्हणून ओढून धरू नका, उगाच अरेस्ट केली असं ठरलं तर मालकाची भरपाई उलट तुमच्यावर येऊ शकते.

गोव्याचंच उदाहरण घ्या. 'एलिझाबेथ' नावाचं परदेशी जहाज १९८४ मध्ये मुरगावहून निघून गेलं, गोव्यातल्या कंपनीने ते पुढे विशाखापट्टणमला अरेस्ट करवलं आणि मालकाने १४ लाख २५ हजारांची बँक गॅरंटी देऊन ते सोडवलं. जहाज गेलं तरी केस चालूच राहिली, थेट सुप्रीम कोर्टात १९९२ पर्यंत. आता विचार करा, अशा केसमध्ये गॅरंटीची मुदत वर्षभराचीच असती तर? तेव्हा निकाल लागेपर्यंत रिन्यू करायची अट लिहून घ्या, बँक शक्यतो राष्ट्रीयीकृत, आणि रकमेत व्याज, कोर्टखर्च धरलेला हवा.

एक मात्र आजच तपासा, ऑर्डर मालकाची होती की चार्टररची, म्हणजे जहाज भाड्याने घेणाऱ्याची? चार्टररने मागवलं असेल तर मालक हात वर करणार, आणि मग गॅरंटी हातात असूनही दावा अडकू शकतो.