मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही आईला दाराची चौकट वाकडी दिसते. वयामुळे असेल का?

तुम्ही लिहिलंय की आई ७१ वर्षांच्या आहेत, दोन्ही मोतीबिंदू काढून झालेत, आणि पंधरवड्यापासून उजव्या डोळ्याने दाराची चौकट मध्येच वाकलेली दिसते, पेपर वाचताना मधली अक्षरं गळतात. चष्म्याच्या दुकानात दाखवलं, नंबर तोच निघाला. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नजर तपासणं हे माझं काम. माझं आधी हेच सांगणं की थांबू नका. शक्य तितक्या लवकर, याच आठवड्यात, पडद्याच्या डॉक्टरांना म्हणजे रेटिना स्पेशालिस्टना दाखवा.

मोतीबिंदूने सगळं धुरकट होतं, सरळ रेघ वाकडी होत नाही. रेघ वाकते तेव्हा बिघाड बहुधा मागच्या पडद्याच्या मधोमध, मॅक्युला नावाच्या भागात असतो. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं हे सगळं एवढ्याशा जागेवर चालतं. पन्नाशीनंतर काहींची ती जागा खराब होऊ लागते, त्याला एज-रिलेटेड मॅक्युलर डिजनरेशन, थोडक्यात एएमडी म्हणतात. मधुमेहाने आलेली सूज किंवा पडद्यावर चढलेली पातळ झिल्ली यांनीही रेघ वाकते, तेव्हा निदान डॉक्टरांनाच करू द्या.

एएमडीच्या बहुतेक रुग्णांना ड्राय प्रकार असतो. पडद्याखाली ड्रूझेन नावाचे पिवळसर ठिपके साठतात आणि नजर वर्षानुवर्षं हळूहळू उतरते. वेट प्रकार कमी जणांना होतो, पण घाई त्याचीच. तिथे पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या वाढतात, त्यांतून पाणी आणि रक्त झिरपतं, पडदा फुगतो. काही आठवड्यांत मधली नजर जाऊ शकते. तुमचा ‘पंधरवडा’ वाचून मला काळजी वाटली ती यामुळे.

तोवर डावा डोळाही घरी तपासा. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा बिघडलेल्याचं काम निभावून नेतो, आणि महिनोन्‌महिने कुणाला पत्ता लागत नाही. मार्क आम्सलर या स्विस डॉक्टरांनी १९४५ च्या सुमारास प्रचारात आणलेला चौकटींचा तक्ता आजही वापरतात. १० सेंटिमीटरचा चौकोन, आत ५ मिलिमीटरची घरं, मध्ये ठिपका. आईंनी वाचायचा चष्मा लावावा, कागद हातभर नव्हे, साधारण ३० सेंटिमीटरवर धरावा, एक डोळा तळव्याने झाकावा (दाबू नये) आणि नजर ठिपक्यावरच ठेवावी. कुठे रेघा वाकतात, पुसट होतात, घरं गायब होतात का, ते त्यांना बोटाने दाखवू द्या. तक्ता नसेल तर भिंतीवरच्या कालनिर्णयाचे चौकोन किंवा बाथरूमच्या फरशा चालतील. मात्र रेघा सरळ दिसल्या म्हणून डॉक्टरांकडे जाणं टाळू नका, सुरुवातीचा आजार या तक्त्यातून निसटतो.

दवाखान्यात थेंब घालून बाहुली मोठी करतील. त्यानंतर काही तास अंधुक दिसतं, सोबत कुणीतरी जा. मग ओसीटी, म्हणजे प्रकाशाने केलेला पडद्याचा स्कॅन होईल. त्यात सुई नाही, दुखत नाही, काही मिनिटांत पडद्याचे थर आणि त्याखालचं पाणी दिसतं. गरज पडली तर हाताच्या शिरेत रंग टोचून पडद्याच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढतात, त्याला अँजिओग्राफी म्हणतात.

वेट निघालाच तर डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतात. ऐकूनच माणसं घाबरतात, पण डोळा बधिर करून देतात आणि काम काही सेकंदांचं असतं. सुरुवातीला साधारण दर महिन्याला, पुढे प्रतिसाद पाहून अंतर वाढवतात. बरं वाटतंय म्हणून मध्येच सोडणारे लोक पाहिले की मला फार वाईट वाटतं, कारण सोडलं की पाणी पुन्हा झिरपू शकतं. या इंजेक्शनांतलं बेव्हॅसिझुमॅब नावाचं औषध इतरांपेक्षा बरंच स्वस्त आहे, त्याबद्दल डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा.

ल्युटिन-झिंकच्या गोळ्या मनाने आणू नका. त्या मध्यम टप्प्यातल्या ड्राय प्रकाराची वाढ थोडी रोखतात, गेलेली नजर परत आणत नाहीत. घरात कुणी सिगारेट किंवा विडी ओढत असेल तर ती आज बंद व्हायला हवी. वयानंतर या आजाराचं सगळ्यात मोठं टाळता येण्याजोगं कारण तेच.

आणि आईंना एकदा हळूच विचारा, समोर नसलेली माणसं, फुलं, नक्षी दिसते का? मधली नजर गेलेल्यांपैकी काहींना असे भास होतात, त्याला चार्ल्स बोने सिंड्रोम म्हणतात. ते वेड नव्हे. घरचे काय म्हणतील या भीतीने आजीआजोबा गप्प बसतात. तुम्हीच आधी विषय काढलात तर त्या बोलतील.

ओसीटीचा रिपोर्ट आला की इथेच लिहा, मी वाचेन.