‘शेवटी तिनेच सोडलं’

ताई,
मी फोंड्याला राहतो, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत अकाउंट्सला आहे. वय ३८. तीन वर्षांपूर्वी वजन कमी करायचं म्हणून ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या क्लासला जायला लागलो आणि त्यातच रमलो. आठवड्यातून तीन संध्याकाळी जातो. गेल्या वर्षी निळा पट्टा (पांढऱ्याच्या पुढचा) मिळाला. दिवाळीनंतर बंगळूरला स्पर्धा आहे. कोच म्हणतात, एकदा तरी उतरल्याशिवाय निळ्या पट्ट्याला अर्थ नाही. बायकोचा मात्र सक्त विरोध. “या वयात मारामाऱ्या कसल्या करता? हात-पाय मोडला तर मुलाची शाळा, घराचा हप्ता कोण बघणार?” हे रोजचं चालू आहे. साहेबही रजेसाठी कुरकुरतात. मला पदक नको, मी हौशी माणूस. पण एकदा करून बघावं असं मनापासून वाटतं. वजन ८४ किलो आहे, खालच्या गटात बसायला थोडं उतरवावं लागेल. तब्येत तशी ठणठणीत. मध्यंतरी क्लासमधल्या एका कॉलेजच्या मुलीबरोबर रोल (सरावाची झुंज) करताना आर्मबारमध्ये (कोपराच्या पकडीत) टॅप करायला, म्हणजे हार मानायला, जरा उशीर झाला, समोर मुलगी म्हटल्यावर होतं तसं, शेवटी तिनेच सोडलं. तेव्हापासून उजवं कोपर पूर्ण सरळ होत नाही, पण होईल हळूहळू. बायकोला सांगितलेलं नाही, उगाच घाबरेल. तर ताई, स्पर्धेला नाव द्यावं की बायकोचं ऐकावं?
— एक हौशी, फोंडा

नाव देऊ नका. बायको नको म्हणते म्हणून नव्हे, तिच्याकडे मी नंतर येते.

तुमचं मूळ पत्र बरंच लांब होतं, इथे जागेपुरतं छापलं आहे. त्यात घरच्या विरोधावर दीड पान आहे, साहेबांच्या कुरकुरीवर अर्धं, आणि त्या मुलीवर एक वाक्य, तेही तब्येतीच्या ओघात आलेलं. तिचा पट्टा कुठला ते लिहिलेलं नाही, त्या दिवशी ती काही बोलली का ते नाही, नंतर ती तुमच्याबरोबर पुन्हा रोल करायला आली की नाही तेही नाही. मी मात्र त्या वाक्यापुढे सरकूच शकले नाही.

ज्या वाचकांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जिउ-जित्सूत ठोसे-लाथा नसतात. समोरच्याला जमिनीवर आणायचं, वरचढ जागा मिळवायची आणि त्याचा सांधा किंवा गळा अशा पकडीत धरायचा की त्याने हार मानावी. हार मानायची म्हणजे टॅप करायचं. हाताने दोन-तीनदा थापटायचं, समोरच्याच्या अंगावर नाही तर मॅटवर. हात अडकलेले असतील तर पायाने, तेही जमत नसेल तर तोंडाने ‘टॅप’ म्हणायचं. टॅप आला की समोरचा त्याच क्षणी सोडतो. या एवढ्या एका भरवशावर कुंडईचा अकाउंटंट आणि कॉलेजची पोर एकमेकांचे हात-गळे आवळून रात्री धडधाकट घरी जातात.

मी कॉलेजात असताना ज्यूडो खेळले आहे, आणि जिउ-जित्सू ज्यूडोतूनच निघालं. १९१४ साली मित्सुयो माएदा हा जपानी ज्यूडोपटू ब्राझीलला पोचला आणि त्याची विद्या पुढे, या खेळाला आजचं रूप देणाऱ्या ग्रेसी बंधूंपर्यंत गेली. त्यामुळे आर्मबार मला नुसता ऐकून माहीत नाही. समोरच्याचा दंड दोन्ही मांड्यांमध्ये घट्ट धरलेला, मनगट छातीशी ओढलेलं, त्याचा अंगठा वरच्या बाजूला, आणि मग आपली कंबर हळूहळू वर. कोपर सरळ झालं की त्यापुढे जायला त्याला जागाच नसते. ‘ताण येतोय’ आणि ‘काहीतरी गेलं’ यांच्यात अंतर फार थोडं. पकड धरणाऱ्याला ते नेमकं जाणवतं, कारण समोरचं कोपर त्याच्या कमरेवरच टेकलेलं असतं.

म्हणजे त्या मुलीला कळलं होतं. आता तिच्या जागी जाऊन बघा. तुमच्याहून पंचवीस-तीस किलोंनी तरी हलकी असेल ती. तिने पकड बसवली आणि झटका न देता ताण वाढवत नेला. तसं नसतं तर तुमचं कोपर एव्हाना प्लॅस्टरमध्ये असतं. तुम्हाला टॅप करायला वेळ होता. तुम्ही केला नाहीत. तिच्यापुढे दोनच गोष्टी उरल्या: कंबर आणखी दोन बोटं उचलून काकाच्या वयाच्या माणसाचं कोपर मोडायचं, नाहीतर जिंकलेली पकड सोडून द्यायची. हा निर्णय तुम्ही घ्यायचा होता, तो तुम्ही त्या पोरीवर ढकललात. “शेवटी तिनेच सोडलं” असं लिहिलंय तुम्ही, जणू तिला धरवलं नाही. तिला चांगलं धरवत होतं. तुमचं सरळ न होणारं कोपरच ते सांगतंय.

आणि यात नुकसान एकट्या तुमच्या कोपराचं झालेलं नाही. पुढच्या वेळी कुणाही पुरुषाला आर्मबार लावताना ती थोडी आधीच ढिली पडेल. समोरचा टॅप करेल याची तिला खात्री उरणार नाही, आणि कुणाचा हात मोडायचं पाप तिला डोक्यावर नको असेल. हळूहळू ती पुरुषांबरोबर रोल करणंच टाळेल. फोंड्यासारख्या गावात अशा क्लासला मुली किती येत असतील? दोन, फार तर तीन. मग तिने सराव करायचा कुणाबरोबर? तिची पकड कच्ची राहील, लोक म्हणतील पोरीत दम नाही. वर्षभराने ती यायची बंद होईल आणि सगळे म्हणतील, अभ्यास वाढला असेल. ज्यूडोच्या मॅटवरून अशा किती मुली निघून गेलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यांना कुणी टाकून बोललेलं नसतं, कुणी हात लावलेला नसतो. समोरचा हरला तरी हरलो म्हणत नाही, एवढंच रोज घडत असतं, आणि त्याने माणूस थकतो.

“समोर मुलगी म्हटल्यावर होतं तसं.” होत नाही, तुम्ही केलंत. त्या जागी एखादा नव्वद किलोंचा, तुमच्या वरचा जांभळा पट्टा असता तर त्याची कंबर उठायच्या आत तुम्ही थापटलं असतं. लहान अंगाने मोठ्या अंगावर मात कशी करायची, हेच शिकायला तुम्ही महिन्याची फी भरता. ते तुमच्या अंगावर उत्तम करून दाखवलं गेलं, आणि ते मान्य करायला तुमचा हात मॅटवर पडला नाही. मला याचा राग आला आहे, तो मी लपवत नाही.

कुणी आता त्या ग्रेसी बंधूंपैकी एलियोचं नाव काढेल. १९५१ च्या ऑक्टोबरात रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये जपानी ज्यूडोपटू मासाहिको किमुराने त्याचा हात पिरगळला, तरी एलियोने टॅप केला नाही. खरं आहे, आणि तोही तेव्हा ३८ वर्षांचाच होता. पण समोर जगातल्या सर्वोत्तम ज्यूडोपटूंपैकी एक होता, हजारो प्रेक्षक होते, घराण्याचं नाव पणाला होतं. तिथेसुद्धा शेवटी भाऊ कार्लोसला टॉवेल टाकून लढत थांबवावी लागली. तुमचा तो नेहमीचा संध्याकाळचा सराव होता. तिथे हात पणाला लावावा असं काहीच नव्हतं.

स्पर्धेला माझा विरोध नाही. हौशी माणसाने स्पर्धेत उतरावं का, हे गोव्यात कुणाला विचारायलाच नको. दिवसा बँकेत, शाळेत, पंचायतीत नोकरी करणारी माणसं इथे महिनोन्‌महिने तालमी करून कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत उतरतात, आणि या वयात कशाला असं त्यांना कुणी विचारत नाही. अवश्य उतरावं. कोचचं म्हणणं मात्र मनावर घेऊ नका. आयबीजेजेएफ या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत पट्ट्यांसाठी किमान वयाची आणि किमान काळाची अट आहे, स्पर्धा खेळण्याची नाही. वजन उतरवायचं खूळही सोडा. त्यांच्या नियमांनी होणाऱ्या स्पर्धेत गी (खेळाचा जाड पोशाख) घालूनच वजन करतात, तेही पहिल्या लढतीच्या तोंडावर. ८२.३ किलोंच्या गटासाठी उपाशी राहिलात तर उपाशीच लढाल.

पण मॅटवर काय होईल ते ऐका. ३६ ते ४० वर्षांचा मास्टर २ गट, निळ्या पट्ट्याची लढत ५ मिनिटांची. समोरचा तुमच्यासारखाच संसारी माणूस असेल, पण तो तुम्हाला ओळखत नसेल. त्याने आर्मबार लावला तर तो तुमच्या टॅपपर्यंत ताण वाढवत राहील, आणि त्यात त्याची काही चूक नसेल. पंच लढत थांबवू शकतात, वेदनेने ओरडलात तर तीही हारच धरतात. तरी पंचाचा हात पोचायला एक क्षण लागतो आणि कोपर जायला तेवढा पुरतो. सोडून देणारी ती मुलगी तिथे नसेल. ओळखीच्या माणसासमोर ज्याला टॅप करवत नाही, त्याने अनोळखी माणसाच्या हातात आपला हात देऊ नये.

कोपराचं आता थोडक्यात. पूर्ण सरळ न होणारं कोपर आपोआप बरं होईल म्हणून सोडायचं नसतं. आतल्या बाजूचं लिगामेंट फाटलेलं असू शकतं, हाडाचा कपचाही निघालेला असू शकतो. उद्याच फोंड्याच्या उपजिल्हा इस्पितळात दाखवा, त्यांनी सांगितलं तर बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) हाडांच्या विभागात जा. करंगळीला मुंग्या येत असतील तर डॉक्टरांना ते आधी सांगा, करंगळीकडे जाणारी नस कोपराच्या आतल्या अंगानेच जाते. तोवर रोल बंद.

आणि इस्पितळात जायच्या आधी बायकोला सांगा. ती हात मोडायची भीती बोलून दाखवते तेव्हा तुम्ही दुखावलेला हात बाहीखाली झाकून तिच्याशी वाद घालता. तिचा विरोध बरोबर की चूक, हे सगळं कळल्यावर ती स्वतः ठरवील.

आता तुम्ही करायचं काम. याच आठवड्यात क्लासला जा, गी न घालता. सराव सुरू व्हायच्या आधी, कोच आणि बाकीचे ऐकतील अशा आवाजात त्या मुलीला सांगा: “त्या दिवशी तुझा आर्मबार पक्का बसला होता. मी टॅप करायला हवा होता, केला नाही. तू सोडलंस म्हणून माझा हात वाचला. चूक माझी.” त्यात ‘गंमत म्हणून’ घालू नका, ‘तू मुलगी म्हणून’ तर अजिबात नको. बाजूला बोलावून नको, व्हॉट्सॲपवर नको. घडलं सगळ्यांसमोर, बोलायचंही सगळ्यांसमोर. ती कदाचित नुसती मान हलवेल, कदाचित काहीच बोलणार नाही. तिच्याकडून ‘असू दे हो काका’ ऐकायची वाट बघत उभे राहू नका. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ती आपणहून रोल करायला आली तर करा, तुम्ही मागे लागू नका. आली, आणि तिची पकड बसली, की कंबर उठायच्या आत टॅप करा.

बंगळूर कुठे पळून जात नाही. ४० पर्यंत तुम्ही मास्टर २ मध्येच असाल. पुढच्या वर्षी कोपर सरळ असेल, आणि क्लासमधल्या मुलींना तुम्ही वेळेवर टॅप देताना कोचनी पाहिलं असेल, तर नाव द्या आणि बायको-मुलालाही बरोबर घेऊन जा.