श्रावणातली दारूबंदी आणि तिसरी रात्र

"मॅडम, एकदम बंद केली तर माणूस दगावतो म्हणतात. मग रोज थोडी थोडी कमी करून पाजू का?"

मी व्यसनमुक्तीची समुपदेशक. हा प्रश्न मला पिणाऱ्यांपेक्षा त्यांच्या बायका आणि आयाच जास्त विचारतात, आषाढ सरत आला की तर हमखास. गटारीला पोटभर प्यायची आणि दुसऱ्या दिवसापासून महिनाभर बाटलीला हात लावायचा नाही, हा नेम आपल्याकडे किती घरांत चालतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. अधूनमधून घेणाऱ्याला त्याचा काही त्रास होत नाही. रोज, सकाळपासून पिणाऱ्याचं तसं नसतं. एका घरात काय झालं ते सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

दादा रिक्षा चालवायचे. वय पंचेचाळिशीचं. दिवसाला तीन क्वार्टर देशी, त्यातली थोडी सकाळी चहाच्याही आधी, कारण उतारा घेतल्याशिवाय हातात कप धरवत नसे. पण श्रावण कडक. "माझा मुलगा महिना महिना सोडतो, तो बेवडा कसा?" असं त्यांची आई मला ठणकावून म्हणाली होती.

मी त्या घरी आधीच्या श्रावणांची चौकशी केली. सुरुवातीच्या वर्षांत दोन दिवस घाम, मळमळ, चिडचिड, रात्रभर डोळ्याला डोळा नाही, एवढंच. मग एका वर्षी दुसऱ्या दिवशी फिट आली. उपवासाने झालं असेल म्हणून नाकाला कांदा लावला आणि विषय संपला. यंदा तिसऱ्या रात्री दादांना भिंतीवर मुंग्यांची रांग दिसू लागली, वारलेल्या वडिलांशी ते मोठमोठ्याने बोलायला लागले, अंग तापलं, आणि स्वतःच्याच घरात "मला घरी सोडा" म्हणून दाराशी झटू लागले. शेजाऱ्यांनी बाहेरची बाधा ठरवली. देवऋषीकडे अर्धा दिवस गेला. शेवटी कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने सगळ्यांना बाजूला सारून सरकारी रुग्णालय गाठलं आणि पहिलंच वाक्य बोलली, "रोज पितात, तीन दिवसांपूर्वी बंद केली." तिच्या त्या वाक्याने फार काम झालं. शेवटची दारू कधी घेतली हे घरचे लाजेपोटी लपवतात आणि डॉक्टर तापाचं कारण शोधत बसतात.

दादा सावरल्यावर मी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं: दारू म्हणजे मेंदूवर दाबलेला ब्रेक. रोज ब्रेक दाबलेला असला की गाडी चालती ठेवायला मेंदू ॲक्सिलरेटर वाढवत राहतो. एका दिवशी ब्रेकवरचा पाय काढला की गाडी सुसाट. थरथर, धडधड, घाम, फिट, भास हे सगळं त्या सुसाटपणाचं. शेवटच्या पेल्यानंतर सहा-आठ तासांत हात कापायला लागतात. फिटचा धोका साधारण पहिल्या दोन दिवसांत. भ्रम होतो तो बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान, म्हणजे नेमका "आता सुटली बाई एकदाची" असं घर म्हणायला लागतं तेव्हा. वेळेत उपचार झाले नाहीत तर तो जिवावर बेतू शकतो. आणि अशी बंद-चालू जितक्या वेळा होते तितका पुढचा त्रास वाढत जाण्याची शक्यता असते. "मागच्या वर्षी काही झालं नव्हतं" या बोलण्याला म्हणूनच अर्थ नाही.

तर दादांच्या बायकोच्या, म्हणजे ताईंच्या, सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर. लोक म्हणतात ते अर्धं खरं आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने मनाने एकदम बंद करू नये. डॉक्टर गाठेपर्यंत तर नाहीच. समुपदेशकाच्या तोंडी हे ऐकून अनेकांच्या भुवया वर जातात, पण आहे ते असं आहे. मात्र घरी मोजून पाजणं क्वचितच टिकतं, कारण माप ज्याच्या हाती त्यालाच तल्लफ. त्यापेक्षा मनोविकारतज्ज्ञ क्लोरडायझेपॉक्साइड किंवा तत्सम गोळ्या देतात आणि त्या साधारण आठवडाभरात उतरत्या क्रमाने बंद करतात. या गोळ्यांचीही सवय लागू शकते, म्हणून पाकीट घरच्यांकडे ठेवायचं, आणि त्यांच्यावर दारू अजिबात नको. आधी फिट किंवा भास झालेला असेल, कावीळ असेल, वय झालेलं असेल, घरी लक्ष ठेवायला कोणी नसेल, तर भरतीच करावं.

आणि "जरा सलाईन लावून द्या, ताकद येईल" हा आग्रह सोडा. पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व कमी असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. डॉक्टर आधी बी-१ देतात ते यासाठी.

दारू सोडवणारी पावडर चहातून गुपचूप देणाऱ्या घरांना मी रागावते, अजूनही. त्यात डायसल्फिराम असेल आणि माणूस वर प्याला, तर रक्तदाब कोसळून भलतंच होऊ शकतं. हे औषध त्याला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचं असतं.

गर्द (म्हणजे हेरॉइन, ब्राऊन शुगर) ओढणाऱ्यांची टर्की, म्हणजे नशा बंद केल्यावरचा त्रास, वेगळी. हाडं ठणकतात, जुलाब, नाक-डोळे वाहतात, जीव नकोसा होतो. दारूसारखा फिट-भ्रमाचा प्रकार तिथे सहसा नाही. खरी भीती नंतरची: काही आठवडे बंद राहून पूर्वीइतकाच डोस घेतला तर शरीराला तो झेपत नाही, श्वास थांबतो. सुटून घरी आलेल्या मुलाच्या आईवडिलांना हे आधीच सांगावं लागतं.

त्या पाच-सात दिवसांत घरच्यांनी काय करायचं, असं ताईंनी विचारलं. खोलीत रात्री मंद दिवा, पाणी, ताक, पेज, थोडं थोडं खाणं. "बघ काय करून घेतलंस" हे तेव्हा नको; त्याला काही कळतही नसतं. संकल्प, शपथ, मुलांच्या डोक्यावर हात ठेवणं, सगळं नंतर. त्या आठवड्यात औषध आणि पहारा. फिट आली, तो असंबद्ध बोलू लागला, ताप चढला, की सरळ रुग्णालय. कुठे जायचं कळत नसेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे, आणि जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात विचारता येतं. मुक्तांगणसारख्या केंद्रांतही उपचाराची सुरुवात शरीर सावरण्यापासूनच होते, गटचर्चा मागाहून.

दादा आता गटाला येतात. त्यांची तक्रार झोपेची आहे: दोन वाजता डोळे उघडतात आणि मग उजाडेपर्यंत छताकडे बघणं. अशी झोप रुळायला कित्येक आठवडे लागतात. मेडिकलमधून परस्पर झोपेची गोळी आणू नका, हे मी त्यांना दर भेटीत सांगते. ताई म्हणाल्या, दोन वाजता त्याही उठतात आणि दोघं पत्ते खेळतात.