ट्रम्पेटचा खालचा डी चढा का लागतो?

प्रश्न: माझ्या बी-फ्लॅट ट्रम्पेटवर स्टाफच्या (स्वरलेखनाच्या पाच रेघांच्या) खालचा डी आणि सी-शार्प चढे लागतात. ट्यूनिंग स्लाइड (सगळे वाद्य सुरात लावायची सरकती नळी) ओढली तर बाकीचे सगळेच सूर उतरतात. कारागीर म्हणतो, तिसऱ्या व्हॉल्व्हची नळी वाढवून डाख लावून देतो. करून घ्यावे का?

उत्तर: नको. वाद्यात बिघाड नाही. हा नळ्यांच्या लांबीचा हिशेब आहे. माउथपीससकट नळी सुमारे १४८ सेंमी. पहिल्या व्हॉल्व्हने तीत १८ सेंमीची भर पडते, तिसऱ्याने २८. दोन्ही मिळून ४६. हे दोन व्हॉल्व्ह दाबून निघणाऱ्या डीसाठी हवेत साडेएकोणपन्नास. साडेतीन सेंमी कमी पडले की सूर ३० सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढतो. तिन्ही व्हॉल्व्ह दाबून निघणाऱ्या सी-शार्पला तर सहा सेंमीहून जास्त तूट पडते, म्हणजे जवळजवळ पाव स्वर. (बरेच कारखानदार तिसरी नळी मुळातच जरा लांब ठेवतात, तिथे आकडे थोडे कमी येतील.)

तिसरी नळी कायमची साडेतीन सेंमी वाढवलीत तर डी सुधारेल, पण दुसऱ्या-तिसऱ्या व्हॉल्व्हचे ए-फ्लॅट आणि ई-फ्लॅट १५-२० सेंट उतरतील. म्हणून तिसऱ्या व्हॉल्व्हची ही नळी, म्हणजे तिसरी स्लाइड, वाजवताना सरकवता यायला हवी. ती यू आकाराची असल्याने तुटीच्या निम्मीच ओढायची: डीला पावणेदोन सेंमी, सी-शार्पला सव्वातीन.

स्लाइडला अनामिकेसाठी कडी नसेल तर बसवून घ्या. डाख लावताना तिन्ही पिस्टन (व्हॉल्व्हमधले दट्टे) काढून ठेवावेत. स्लाइड अडकत असेल तर आधी दोन्ही पाय समांतर आहेत का ते पाहावे, मगच बारीक लॅपिंग पेस्टने घासावे. पेस्टचा कण व्हॉल्व्हमध्ये गेला तर पिस्टन खरवडतो, तेव्हा साबणपाण्याने नीट धुणे टाळू नका. शेवटी ग्रीसऐवजी पातळ तेल, आणि स्लाइड निसटून पडू नये म्हणून अडणीचा स्क्रू. व्हॉल्व्ह न दाबता ओढाल तर आतली पोकळी ती मागे खेचेल.

प्रश्न: स्टाफच्या चौथ्या जागेतला ई उतरतो. लीडपाइप (माउथपीस जिच्यात बसते ती नळी) बदलू का?

उत्तर: तो पाचवा हार्मोनिक (एकाच लांबीच्या नळीतून निघणाऱ्या सुरांपैकी पाचवा), निसर्गतःच १४ सेंट उतरा असतो. तो पहिल्या-दुसऱ्या व्हॉल्व्हने वाजवून पाहा, वर येईल. पण उतार त्याहून बराच जास्त असेल तर माउथपीसची दांडी आणि लीडपाइप यांच्यातली फट तपासा. ती साधारण ३ मिमी असते. दांडीला कागदाची पट्टी गुंडाळली की फट वाढते. अशा पट्टीने काय फरक पडतो ते ट्यूनरवर पाहावे. व्हॉल्व्हचे नमदे (आतल्या मऊ चकत्या) झिजले असतील तर पिस्टनची भोके नळ्यांसमोर येत नाहीत, आणि तेव्हा कागद कितीही गुंडाळला तरी आवाज कोंडलेलाच राहतो. आधी नमदे बदला. लीडपाइपचा खर्च बहुधा वाचेल.