सोलापुरातल्या छोट्या टॉवेल कारखान्यासाठी कोणतं अकाउंटिंग सॉफ्टवेअर घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अक्कलकोट रोड एमआयडीसीत आठ मागांचा टॉवेलचा कारखाना, मालकी वडिलांच्या नावावर, उलाढाल दीड कोटीच्या आसपास, रोजमेळ वहीत आणि बिलं एक्सेलमध्ये. आता टॅली घ्यावं, झोहो बुक्स घ्यावं की मोबाइलवरचं ‘व्यापार’ नावाचं ॲप पुरेल?

मी याच भागातल्या कारखान्यांचे हिशेब लिहिते. तुम्ही सांगितलंय तेवढ्यावरून माझं उत्तर टॅलीप्राइम सिल्व्हर, म्हणजे एका कॉम्प्युटरचं लायसन्स. तुमच्या सीएंच्या ऑफिसात बिझीवर काम चालत असेल तर बिझीही (तेही अकाउंटिंग सॉफ्टवेअरच) चालेल. पण हे का, ते समजून घ्या, कारण उद्या कुणी तिसरंच सॉफ्टवेअर दाखवलं तर ते तुम्हालाच तपासता आलं पाहिजे.

फीचरची यादी बघून निवडू नका. जीएसटीचं बिल सगळेच छापतात, जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या रिटर्नची, फाइल सगळेच काढून देतात, व्हॉट्सॲपवर बिल सगळेच पाठवतात. टॉवेलच्या धंद्यात सॉफ्टवेअर अडतं ते सूत, डझन आणि येणे बाकी या तीन जागी.

आधी सूत. तुम्ही सूत किलोवर घेता, ते डाईंगला (रंगवायला) जातं, सायझिंगला (खळ लावायला) जातं, परत येतं, मागावर चढतं आणि निघतो तो माल नगावर किंवा डझनावर. डाईंगवाल्याकडे ५०० किलो गेलं आणि ४९० किलो परत आलं, तर ते १० किलो घट म्हणून लिहायचं की अजून त्याच्याकडे पडून आहे, हे सॉफ्टवेअरला सांगता आलं पाहिजे. जॉबवर्कला, म्हणजे असं बाहेरून काम करून घ्यायला, गेलेला कच्चा माल एक वर्षाच्या आत परत आला पाहिजे, नाहीतर तो पाठवला त्याच दिवशी विकला असं जीएसटी कायदा धरतो. शिवाय आयटीसी-०४, म्हणजे जॉबवर्कच्या मालाचा जीएसटी फॉर्म, भरायचा असतो, ५ कोटींपर्यंतच्या उलाढालीला वर्षातून एकदा. चलनांचा गठ्ठा घेऊन एप्रिलमध्ये हे जुळवत बसणं फार जिवावर येतं. टॅलीत प्रत्येक डाईंगवाल्याच्या आणि सायझिंगवाल्याच्या नावाने वेगळं गोडाऊन उघडायचं आणि आपला माल दुसऱ्याकडे आहे अशी खूण करायची. मग कुठल्याही दिवशी कुणाकडे किती किलो आहे ते एका स्क्रीनवर दिसतं. झोहो बुक्स किंवा व्यापार बघायचं ठरवलंत तर तुम्ही घेणार त्या प्लॅनमध्ये हे जमतं का, हे विक्रेत्याला करूनच दाखवायला सांगा. ‘हो, होतं’ एवढ्यावर थांबू नका.

आता डझन. हे वाचताना क्षुल्लक वाटेल, पण खिशातून पैसे इथे जातात. २२ सप्टेंबर २०२५ पासून टॉवेल-चादरीसारख्या तयार मालावर एका नगाची विक्री किंमत २,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के आणि त्यावर असेल तर १८ टक्के जीएसटी आहे. (त्याआधी मर्यादा १,००० ची होती आणि वर १२ टक्के लागायचा.) मर्यादा नगाची आहे आणि आपण भाव बोलतो डझनाचा. समजा टॉवेल ३,००० रुपये डझन आहे, म्हणजे नग पडला २५० रुपये. सॉफ्टवेअरमध्ये मालाचं युनिट नुसतं ‘डझन’ ठेवलं आणि किमतीवरून दर ठरवणारा स्लॅब लावला, तर ते ३,००० ला एका नगाची किंमत समजून १८ टक्के लावून मोकळं होऊ शकतं. १०० डझनाच्या बिलाला १५,००० ऐवजी ५४,००० कर. पार्टी बिल परत पाठवणार, मग क्रेडिट नोट, मग रिटर्नमध्ये दुरुस्ती. म्हणून मूळ युनिट ‘नग’ ठेवा, ‘डझन’ हे पर्यायी युनिट करा, १ डझन म्हणजे १२ नग, आणि स्लॅब नगाच्या किमतीवर चालतोय का ते दोन बिलं घालून बघा, एक टॉवेलचं आणि एक २,५०० च्या वरच्या एखाद्या मालाचं. तुमच्याकडे एवढा महाग माल होत नसेल तर स्लॅबच्या भानगडीत न पडता सरळ ५ टक्के बांधून टाका, तेच बरं. एचएसएन, म्हणजे मालाचा कोड, ५ कोटींपर्यंतच्या उलाढालीला चार आकडी चालतो, टॉवेलला ६३०२.

तिसरी गोष्ट बाकी, आणि माझ्या मते सॉफ्टवेअर घ्यायचं खरं कारण हेच. आपला माल जातो बाहेरगावी आणि पैसे येतात ते तुकड्यातुकड्याने. पार्टीची तीन बिलं थकलेली असतात, ८२,४००, ६१,७५० आणि ४७,९००, आणि एके दिवशी खात्यात गोल १,००,००० जमा होतात. हे पैसे कुठल्या बिलापोटी? वहीत आपण पार्टीच्या पानावर जमा मांडतो आणि खाली बाकी ओढतो. एकूण बाकी बरोबर येते, पण कुठलं बिल किती दिवसांचं थकलंय ते त्यातून कळत नाही. टॅलीत पार्टीचं लेजर (खातं) उघडताना ‘बिल-बाय-बिल’ चालू करा आणि पावती घालताना ते १,००,००० कुठल्या बिलांवर वळते केले ते प्रत्येक वेळी सांगा. पहिलं बिल ८२,४०० पूर्ण, उरलेले १७,६०० दुसऱ्या बिलात. कंटाळा येऊन ‘ऑन अकाउंट’, म्हणजे कुठल्याच बिलाला न जोडता, टाकत गेलात तर सहा महिन्यांनी येणे-रक्कम किती दिवसांची ते सांगणारा रिपोर्ट निरुपयोगी होतो, आणि तो मागून दुरुस्त करायचं काम फार किचकट असतं.

याचा उपयोग नुसत्या वसुलीच्या फोनपुरता नाही. तुम्ही उद्यम (सरकारची लघुउद्योगांची) नोंदणी केलेले उत्पादक असाल, सूक्ष्म किंवा लघु वर्गातले, तर आयकरातल्या एका तरतुदीचा (१९६१ च्या कायद्यातलं कलम ४३बी(एच)) तुम्हाला आधार आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून खरेदीदाराने तुमचे पैसे मुदतीत दिले नाहीत, म्हणजे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत, तर ती रक्कम त्याला प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच खर्चात धरता येते. मार्च जवळ आला की हे ऐकून मोठ्या पार्ट्यांचे अकाउंटंट स्वतःहून फोन करतात. पण तुमच्याकडे बिल नंबर, तारीख आणि किती दिवस झाले याची स्वच्छ यादी हवी आणि प्रत्येक बिलावर उद्यम नंबर छापलेला हवा. हे उलट्या बाजूनेही लागू आहे. तुमचा डाईंगवाला, सायझिंगवाला बहुतेक तुमच्यासारखाच छोटा असणार. त्यांची देणी मार्चअखेर तुम्हालाही बघावी लागतील. सुताच्या नुसत्या व्यापाऱ्याला ही तरतूद लागू होत नाही, सूत काढणाऱ्या मिलला मात्र तिच्या उद्यम वर्गाप्रमाणे होऊ शकते, तेवढं सीएंना विचारून लेजरवरच नोंदवून ठेवा.

सुताच्या खरेदीबद्दल अजून एक. जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे विक्रेत्यांनी चढवलेल्या बिलांच्या पोर्टलवरच्या यादीत, दिसत नाही त्या बिलाचं क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट) घेता येत नाही. तुमची सगळ्यात मोठी खरेदी सूत आहे, एक बिल सुटलं तरी हजारोंचा फटका. २बी ची फाइल सॉफ्टवेअरमध्ये घेऊन खरेदीशी जुळवता येते का, हे बघाच. टॅलीप्राइममध्ये येते. तुमच्या ग्राहकाचंही तेच आहे. तुम्ही तिमाही रिटर्न भरत असाल तरी पहिल्या दोन महिन्यांची पक्की बिलं आयएफएफमध्ये (तिमाहीवाल्यांना दरमहा बिलं चढवायची पोर्टलवरची सोय) पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत चढवा. नाहीतर ‘बिल २बी ला दिसत नाही’ म्हणून पेमेंट अडतं, आणि त्यात पार्टीची चूक नसते.

टॅलीकडे माझा कल असण्याचं दुसरं कारण माणसांचं आहे. तुम्ही स्वतः रोज एन्ट्री करणार नाही. दिवसभर सूत, माग, कामगार, ट्रान्सपोर्ट यातच जातो. संध्याकाळी दोन तास येणारा किंवा येणारी अकाउंटंट ठेवावी लागेल, आणि सोलापुरात बी.कॉम. करून टॅलीचा कोर्स केलेली मुलं-मुली कुठल्याही पेठेत मिळतात. एक सोडून गेली तर आठवड्यात दुसरी मिळते आणि ती आली त्या दिवसापासून एफ८ ने विक्री, एफ९ ने खरेदी घालायला लागते. सीएंचं ऑफिससुद्धा बहुधा टॅलीचा बॅकअपच मागतं. दुसरं सॉफ्टवेअर कितीही चांगलं असलं तरी ते येणारा माणूस गावात सहज मिळत नसेल तर तुम्ही त्या एका माणसावर अवलंबून राहता.

झोहो बुक्स मला मनापासून आवडतं. स्वच्छ आहे, ब्राउझरमध्ये चालतं, तुमचा भाऊ पुण्यात बसून बाकी बघू शकतो. सेवा देणारा व्यवसाय असता, किंवा तुम्ही स्वतः लॅपटॉपवर बसून हिशेब करणारे असता, तर मी तेच सुचवलं असतं. व्यापारसारखं ॲप नवी पेठेतल्या टॉवेल-चादरीच्या दुकानाला उत्तम: माल आला, माल गेला, मोबाइलवर बिल, संपलं. जॉबवर्क आलं की मी त्यावर भरवसा ठेवत नाही.

ई-इन्व्हॉइसची, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवायची, काळजी आत्ता नको, ती ५ कोटींच्या वरच्या उलाढालीला आहे. ऑडिट ट्रेल, म्हणजे कोणती एन्ट्री कधी कुणी बदलली याची न पुसता येणारी नोंद, १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना सक्तीची झाली आहे. वडिलांच्या नावावरच्या धंद्याला ती लागू नाही. पुढे प्रायव्हेट लिमिटेड करायचा विचार असेल तर टॅलीची एडिट लॉगवाली, म्हणजे ही नोंद ठेवणारी, आवृत्तीच घ्या. मी तर तसंही घ्या म्हणेन, कारण एन्ट्री करणारा माणूस पगारी आणि पैसा तुमचा.

कामगारांचा आठवड्याचा हिशेब सॉफ्टवेअरच्या पेरोलमध्ये घालायच्या फंदात पडू नका. नगावरची मजुरी, उचल, खाडे हे रजिस्टरमध्येच नीट राहतं. आठवड्याची एकूण मजुरी आणि उचल यांची एन्ट्री टाकली की झालं.

आता हे मात्र कळकळीने सांगते. लायसन्स तुमच्या फर्मच्या नावावर आणि तुमच्या स्वतःच्या ईमेलवर घ्या, अकाउंटंटच्या किंवा डीलरच्या नाही. ॲडमिनचा पासवर्ड वडिलांकडे किंवा तुमच्याकडे राहू द्या. एका कारखान्यात सगळा डेटा पार्ट-टाइम अकाउंटंटच्या लॅपटॉपवर होता. पगारावरून बिनसलं, तो यायचा बंद झाला आणि दोन वर्षांची खाती बँक स्टेटमेंट आणि बिलांच्या फायलींवरून पुन्हा उभी करावी लागली. कर्जाचं नूतनीकरण त्यात रखडलं, ते वेगळंच. कॉम्प्युटर कारखान्यात तुमचा, डेटा त्यावर, दर शनिवारी बॅकअप एका पेन ड्राइव्हवर आणि एक ऑनलाइन, पेन ड्राइव्ह घरी. लाइट जाते म्हणून यूपीएस हवाच. आणि क्रॅक केलेलं टॅली कुणी फुकटात टाकून देतो म्हणाला तर घेऊ नका. जीएसटीचे नियम बदलले की अपडेट मिळत नाही आणि डेटा बिघडला तर दाद मागायला जागा नसते.

सुरुवात १ एप्रिलला करा. त्याआधीच्या आठवड्यात तीन याद्या तयार ठेवा: प्रत्येक पार्टीची बिलवार बाकी, आपण ज्यांचं देणं लागतो त्या प्रत्येकाची बिलवार बाकी, आणि मोजून-तोलून केलेला साठा, त्यात डाईंग-सायझिंगला गेलेलं सूत वेगळं. एकरकमी ‘जुनी बाकी’ टाकून सुरू करू नका. वडिलांचा रोजमेळ बंद करू नका. निदान पहिली तिमाही दोन्ही चालू द्या आणि रोज संध्याकाळी रोख शिल्लक ताडून बघा. दोन्हीकडे सारखी येते हे वडिलांनी स्वतः पाहिलं की त्यांचाही विश्वास बसेल.

पैसे भरण्याआधी टॅली एज्युकेशनल मोडमध्ये फुकट टाकून बघता येतं. त्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच एन्ट्री होतात, पण तपासायला तेवढं पुरे. डीलर डेमोला येईल तेव्हा त्याचा तयार डेमो बघू नका. तुमची स्वतःची कागदपत्रं पुढ्यात ठेवा: एक डाईंगचं चलन ज्यात घट आलीय, डझनावरचं एक बिल, आणि तीन बिलं थकलेल्या पार्टीची एक गोल रकमेची पावती. हे तिन्ही त्याने तुमच्यासमोर घालून साठा, कर आणि बाकी बरोबर काढून दाखवली तर घ्या. कुठे अडलं तर ते इथेच खाली लिहा, मी बघते.