सतरा मुखवटे, एकही पाऊल नाही

प्रिय मुली,

तुझी चित्रं पोचली. जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडून बसलो होतो; ताटं घ्यायची म्हणून ती उचलावी लागली, मग पलंगावर मांडली. शिंगांचा, ओठ शिवलेला, अर्धा जळालेला, डोळ्यातून रक्त ओघळणारा, बाहुलीचा, माकडाचा, कवटीचे तीन. हात आहे तुला. नवव्या चित्रापासून तू कंटाळली होतीस हेही दिसतं, पण ते असो. सोबतच्या चिठ्ठीत एकच प्रश्न आहे: यातला कुठला मुखवटा अजून कुणी वापरलेला नाही?

ज्या मुखवटेवाल्या खुन्याच्या गोष्टीसाठी ही चित्रं, तिचं मात्र एकही पान नाही. आठ महिने झाले, म्हणतेस.

आधी राग आला. मग रात्री झोप लागेना तेव्हा लक्षात आलं की राग तुझ्यावर नव्हता. म्हणून हे पत्र. 'छान प्रयत्न, लिहीत राहा' वगैरे तुला मैत्रिणी सांगतील, मी वेळ घालवत नाही.

मुखवट्याने बोलता कामा नये. बाकीचं पत्र हरवलंस तरी चालेल, एवढं ठेव.

तुझे सतराच्या सतरा मुखवटे बडबडे आहेत. शिंगं सांगतात, मी सैतान. शिवलेले ओठ सांगतात, माझ्यावर अन्याय झाला. जळका गाल सांगतो, लहानपणी आग लागली होती, पुढे वाचा. सगळं त्यांनीच सांगून टाकल्यावर वाचकाने करायचं काय? तो बघतो, 'अच्छा' म्हणतो आणि पान उलटतो. 'अच्छा' म्हणणारा माणूस घाबरलेला नसतो.

'हॅलोविन'मधल्या मायकेल मायर्ससारखा खुनी हवा, असं तूच मला म्हणाली होतीस. तर तोच घे. १९७८ चा सिनेमा, बजेट तीन लाख डॉलरच्या आसपास. मुखवटा घडवून घ्यायला पैसे नव्हते. कलादिग्दर्शन सांभाळणारा टॉमी ली वॉलेस दुकानातून दोन तयार रबरी मुखवटे घेऊन आला. एक विदूषकाचा. दुसरा 'स्टार ट्रेक'च्या कॅप्टन कर्कचा, म्हणजे विल्यम शॅटनर या नटाच्या चेहऱ्याचा; किंमत दोन डॉलरच्या आत. या दुसऱ्याच्या त्याने भुवया काढल्या, कल्ले काढले, डोळ्यांची भोकं मोठी केली आणि वरून पांढरा रंग फवारला. विदूषकही भीतिदायक होता म्हणतात. पण हा पांढरा चढवून माणूस समोर आला आणि निवड तिथेच झाली.

वॉलेसने काय केलं ते बघ. तो काढत गेला. भुवया कशाला असतात? राग, आश्चर्य, आठ्या, सगळं त्यांच्यावर लिहिलेलं असतं. त्याच गेल्या. उरला एक चेहरा, जो कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतो आणि आठवत नाही. श्रेयनामावलीतही त्या मुखवटेवाल्यापुढे 'मायकेल' लिहिलेलं नाही. 'द शेप' लिहिलंय. आकार. शेवटाकडे नायिका लॉरी त्याचा मुखवटा ओढून काढते, तेव्हा आतून काय निघतं? डोळ्याला जखम झालेला एक साधा तरुण. दोन-चार क्षण दिसतो आणि धडपडत मुखवटा परत चढवतो. आतला चेहरासुद्धा बोलला नाही!

हे मला कुठल्याही सिनेमाच्या आधी कळलं होतं, फक्त तेव्हा शब्द नव्हते. आमच्या गावी शिमग्यात खेळ्यांबरोबर संकासुर यायचा. अंगभर काळा वेश, डोक्यावरून चेहऱ्यावर उतरलेला काळा उंच टोकदार मुखवटा, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. मी सहा-सात वर्षांचा. घुंगरं पाणंदीत वाजली की मी माजघरात, आजीच्या लुगड्यामागे. एका वर्षी आजीने मला धरून पडवीत आणलं आणि म्हणाली, घाबरतोस काय, पाय बघ त्याचे. मी पाहिले. फुटलेल्या टाचा, आत वळलेला डावा अंगठा. आमच्याकडे माडावर चढायला येणारा गडी होता तो. आदल्याच आठवड्यात त्याने मला शहाळं फोडून दिलं होतं.

आजीला वाटलं, आता भीती जाईल. उलट झालं. तोवर संकासुर हा संकासुर होता, शिमगा संपला की जाणारा. आता तो आपल्या विहिरीवर पाणी पिणारा माणूस झाला, आणि तो मला ओळखतो की नाही हे त्या काळ्या कापडावरून कळायला काही मार्गच नव्हता. पुढे कितीतरी दिवस तो साध्या कपड्यात आला तरी मी त्याच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघायचो.

म्हणून विचारतो, तुझ्या सतरा चित्रांत पाय कुठे आहेत? सगळी चित्रं गळ्यापाशी संपतात.

आता तू मध्येच बोट वर करणार, माहीत आहे मला. 'स्क्रीम'चा मुखवटा तर चक्क किंचाळतोय, तो कसा चालला? बरोबर. १९९६ चा सिनेमा. तो मुखवटा कुणी मुद्दाम घडवलेलाही नव्हता. चित्रीकरणाच्या जागा शोधताना एका घरात सापडला, हॅलोविनच्या सणासाठी बाजारात विकला जाणारा तयार माल. पण तो किंचाळतो म्हणजे बोलतो का? नीट बघ. फोनवर गप्पा मारून झाल्यावर तेच तोंड, सुरा उगारताना तेच, अंगावर खुर्ची बसून धडपडला तरी तेच. बाहेर काहीही घडो, चेहऱ्यावर एकच किंचाळी गोठलेली. कायम एकच शब्द म्हणणारा माणूस मुकाच म्हणायचा. शिवाय तो दुकानात कुणालाही मिळतो, त्यामुळे गावातला प्रत्येकजण संशयित. मुखवटा मालकाविषयी अवाक्षर काढत नाही, आणि अख्खी गोष्ट त्या गप्प बसण्यावर उभी आहे.

पटलं नाही तरी चालेल. तीस वर्षं मी हे म्हणतोय आणि दर वेळी कुणीतरी 'स्क्रीम' काढतंच. १९७४ च्या 'टेक्सस चेनसॉ'मधला खुनी लेदरफेस मात्र मी स्वतःच तुला देतो. त्याचे मुखवटे प्रसंगागणिक बदलतात, आणि त्या प्रसंगी तो कोण आहे हे मुखवट्यावरूनच ठरतं. तिथे मुखवटा बोलतो. एक अपवाद. एकावर माझी हरकत नाही.

आणि 'कुणी वापरलेला नाही' ही कसली अट? 'फ्रायडे द थर्टीन्थ'चा हॉकी मुखवटा जगभर ओळखतात. तो घालणारा खुनी जेसन. १९८० च्या पहिल्या भागात तो मुखवटा नाहीच, खुनी तर जेसनची आई आहे. १९८१ मध्ये जेसनच्या डोक्यावर एका डोळ्यापुरतं भोक पाडलेलं फडकं आहे. हॉकीचा मुखवटा येतो १९८२ मध्ये, तिसऱ्या भागात, तोही एका थट्टेखोर पोराच्या सामानातला. शेकडो खेळाडू घालतात ती वस्तू! नवा मुखवटा शोधत आठ महिने बसणं म्हणजे लग्न ठरायच्या आधी पत्रिकेचा कागद निवडत बसणं.

आता माझं ऐक. सांगणार नव्हतो, पण तुझ्या जळक्या गालाने आठवण करून दिली.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी मी कथा लिहिली. गावातलं साड्यांचं दुकान, दुकानातला प्लास्टरचा पुतळा, आणि त्या पुतळ्याचा चेहरा कापून तोंडावर बांधणारा माणूस. कारण दिलेलं नव्हतं. तो येतो, दारात उभा राहतो, दुकानातल्या पुतळ्यासारखा एक हात किंचित पुढे धरतो. बस. मला स्वतःला ते लिहिताना मागे वळून बघावंसं वाटायचं. संपादकांनी कथा ठेवली, पण म्हणाले, वाचकाला काहीतरी कारण द्या हो, तो असा का झाला? मी अडीच पानं जोडली. सावत्र आई, दुकानाच्या मागच्या खोलीत कोंडून घालणं, पुतळ्याशी बोलणारा पोरगा. चांगली लिहिली, हे दुर्दैव. अंक आल्यावर पत्रं आली, आणि सगळ्यांत एकच सूर: बिचारा. एका बाईंनी तर लिहिलं, त्याला कुणी माया लावली असती तर? माझा खुनी लोकांनी दत्तक घेतला!

मी मान्य केलं नसतं तर? कथा परत आली असती. मानधन हवं होतं, घरात आजारपण होतं. हे सगळं खरं आहे. आणि हेही खरं की ती पानं लिहिताना मला बरं वाटत होतं, आपण माणसाच्या खोलात वगैरे शिरतोय असं. त्यानंतर ठरवलं, पुन्हा कारण देणार नाही. एका मालिकेचं काम त्यापायी गेलं. तिसऱ्या बैठकीत त्यांनी खुन्याचं बालपण मागितलं, मी नाही म्हणालो, चौथ्या बैठकीला मला बोलावलंच नाही. मालिका पुढे बरी चालली, बालपणासकट. त्यांच्या जागी ते बरोबर असतील. मी तरीही नाहीच म्हणेन. हट्टी म्हण हवं तर, घरचेही म्हणतात.

माझं सोड. मायकेलचंच बघ ना. १९८१ मध्ये दुसरा भाग आला आणि लॉरी त्याची बहीण निघाली. झालं, कारण मिळालं. पहिल्या भागात तो कुणाच्याही दारात उभा राहू शकत होता. आता एका कुटुंबाची भानगड झाली, बाकीच्यांनी निवांत झोपावं. २०१८ चा सिनेमा काढताना ती बहीण-भावाची गोष्ट म्हणजे लोकांनी उठवलेली कंडी, असं म्हणून ते नातं पुसावं लागलं. मुखवट्याला एकदा बोलू दिलं की गप्प करायला इतकी वर्षं लागतात.

मग खुनी लक्षात राहतो कशाने? मायकेलच्या मुखवट्यात होता निक कॅसल, दिग्दर्शक कारपेंटरचा कॉलेजपासूनचा मित्र. चालतो कसा तो, आठव. धावत नाही. आणि स्वयंपाकघरात एका पोराला सुऱ्याने भिंतीला टांगल्यावर मान एकदा इकडे, एकदा तिकडे कलती करून बघत राहतो, आपण भिंतीवरचं चित्र सरळ लागलंय का बघतो तसा. चेहरा काही सांगत नाही, म्हणून ती मान एवढी लक्षात राहते. चेहऱ्यावर भाव असते तर मानेकडे कोण बघणार होतं?

आणि तू तर सिनेमा काढत नाहीयेस, गोष्ट लिहितेयस. पडद्यावर मुखवटा सतत दिसतो, कागदावर वर्णन करशील तेवढ्या दोन ओळीच. दुसऱ्यांदा वर्णन केलंस की कॅटलॉग. पानोपानी परत येऊ शकतं ते वेगळंच काहीतरी: चपलेचा आवाज, दार उघडायच्या आधी कडी दोनदा हलवायची सवय, कोपऱ्यावर थांबणं. ते ठरव. त्यासाठी चित्रकलेची वही बंद कर, बाजारातून एक रबरी मुखवटा आण आणि रात्री तो घालून जिना उतर. मी उतरलोय. पहिली गोष्ट कळते की स्वतःचे पाय दिसत नाहीत, पायरी बोटांनी चाचपावी लागते. बाजूला बघायला डोळे पुरत नाहीत, सगळी मान फिरवावी लागते. दोन मिनिटांत आत वाफ धरते, हनुवटी ओली होते, आपलाच श्वास आपल्या कानात दुसऱ्या कुणाचा तरी वाटायला लागतो. चष्मा घालता येत नाही, म्हणजे तुझा खुनी चष्मेवाला असेल तर तो अर्धा आंधळा आहे. हे एवढं सगळं तुझ्या शिंगांनी तुला सांगितलं होतं का? (शेजाऱ्यांना आधी सांगून ठेव. मी सांगितलं नव्हतं.)

तुझी गोष्ट पुण्यातल्या मुलींच्या हॉस्टेलमध्ये घडते ना? मग कवटी कुठून आली तिथे? हॉस्टेलच्या दारातून कवटी घातलेला माणूस आत कसा जाईल, वॉचमन काय म्हणेल, याचा विचार केलास? गेल्या मंगळवारी तू भर दुपारी आमच्याकडे आलीस. मी दार साखळीपुरतं उघडलं. समोर पांढरा सनकोट, कोपरापर्यंत हातमोजे, डोक्यापासून गळ्यापर्यंत घट्ट गुंडाळलेला स्कार्फ, वर काळा गॉगल. नखभर कातडी दिसत नव्हती. तीन जिने चढून तुला धाप लागली होती, म्हणून तू बोलत नव्हतीस. फक्त स्कार्फ तोंडाशी आत-बाहेर होत होता. 'कोण पाहिजे?' मी विचारलं. तू मान तिरकी केलीस, ओळखलं नाही का, अशी.

मी साखळी काढली नाही. तू गॉगल वर करेपर्यंत चार-पाच सेकंद गेले असतील. असल्या शेकडो मुली मी रोज सिग्नलला बघतो आणि बघतही नाही. वॉचमनने तुला अडवलं नव्हतं. तू त्याच्यासमोरून वर आली होतीस.

तू आत आलीस, स्कार्फ सोडून खुर्चीच्या पाठीवर टाकलास आणि अर्धा तास मला सांगत बसलीस की तुला मुखवटा सुचत नाहीये.

त्या चार-पाच सेकंदांची तीन पानं कर. महिनाअखेरपर्यंत. चित्र पाठवलंस तर पाकीट उघडणार नाही. आणि पुढच्या वेळी येताना खालूनच फोन कर.

तुझा,
काका